कुरळ्या केसांचा बॉबकट

नरकचतुर्दशीच्या पहाटे, ज्या घरात कुरळ्या केसांची एखादी मुलगी आहे, त्या घरचे अभ्यंगस्नान साऱ्या आळीला ऐकू येते. फटाक्यांच्या आधी तिचा आवाज उठतो. आई पाटावर बसवते, कोमट तेल टाळूवर थापते, उटणे लावते, इथवर सारे मंगल असते. पण नंतर ती फणी हातात घेऊन जे काही करते, त्याला विंचरणे म्हणण्यापेक्षा वखरणे म्हणणे अधिक खरे. माझ्या आईने मला असे पंधरा-सोळा वर्षे वखरले. पुढे मी मास्तरीण झाले आणि तीच फणी, तेच तेल, तोच उत्साह घेऊन परक्यांच्या पोरींवर तुटून पडले. शाळेचा नियम दोन वेण्या आणि लाल रिबिनी असा. ज्या पोरीच्या वेणीतून बटा सुटून कानशिलांवर नाचत, तिला मी 'झिपरी' म्हणे. अरुण साधूंच्या कादंबरीत झिपऱ्या नावाचा मुलगा नायक होऊ शकतो. आमच्या शाळेत झिपरी मुलगी फक्त वर्गाबाहेर उभी राहू शकते. मी स्वतः कुरळ्या केसांची असून हे करीत होते, असे आज लिहिताना हात थोडा अडखळतो.

पुस्तकांवर टीका लिहावयाची सोडून या बाईने यंदा केसांचा विषय का घेतला, असे कोणी विचारील. त्याला कारण माझी भाची.

गेल्या दिवाळीला ती पुण्याहून आर्वीला आली, ती डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून. कार्तिकातल्या पहाटेची थंडी म्हणून लपेटली असेल असे मला वाटले. घरात आल्यावरही ओढणी निघेना, तेव्हा मीच ती ओढली. आत बॉबकट होता. म्हणजे बॉबकट करण्याचा कोणाचा तरी मानस होता. तिथल्या एका पार्लरात तिने मासिकातले चित्र दाखविले, केस धुऊन झाले, ओल्या केसांवर हनुवटीच्या रेषेत सरळ कात्री चालली, आणि आरशात दिसले ते चित्राच्या पुष्कळ जवळचे होते. मग केस वाळले. हनुवटीशी असलेली रेषा कानाच्या पाळीशी येऊन थांबली. डोक्याच्या माथ्यावर केस चपटे, आणि खाली दोन्ही बाजूंनी देवळातल्या घंटेसारखे पसरलेले. पोरगी हसण्याचा प्रयत्न करीत होती, पण डोळे भरलेले होते. तेवढ्यात शेजारच्या आजी फराळाचे ताट घेऊन आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिले, ताट खाली ठेवले आणि हळूच विचारले, "काहून वो पोरी, घरी कोनी गेलं काय?"

मला हसू आले. भाचीला आले नाही. आजी गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, तू आजींना कशाला हसतेस? तुझ्या कादंबऱ्यांत बॉबकटवाली बाई एकच आहे. ती दुसऱ्याचा नवरा पळवते आणि शेवटी विहिरीत जाते."

माझ्या पुस्तकांवर आजवर जी काही टीका झाली असेल, तिच्यात इतके नेमके वाक्य मला आठवत नाही. रात्री मी ती कादंबरी काढून पाहिली. पोरीचे म्हणणे खरे होते. त्या बाईच्या प्रवेशाला मी अर्धे वाक्य खर्च केले होते: केस कापलेले, ओठ रंगविलेले, चप्पल उंच टाचेची. झाले! तिचे केस कुरळे की सरळ, दाट की विरळ, ते तिने कोणाकडून कापून घेतले, का कापले, वाळल्यावर ते कसे बसत, यातले एक अक्षर मला ठाऊक नव्हते. नायिकेच्या लांब केसांना मात्र मी दीड पान दिले होते. कापलेले केस ही माझ्या लेखी वस्तूच नव्हती. ती पाटी होती.

मग मी जरा मागे जाऊन पाहू लागले, की आमच्या वाङ्मयात बाईचे केस कापले जातात ते केव्हा. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमाने येऊ लागली. तीत यमूचे केशवपन ज्या तऱ्हेने होते ते वाचून ज्याचा घास अडकला नाही असा वाचक मला भेटलेला नाही. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी सभा भरविली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाही असा निश्चय केला. न्हाव्यांनी हत्यार खाली ठेवावे आणि कादंबरीकाराने लेखणी उचलावी, हा योग आमच्या भाषेला भूषणावह आहे. आणि त्या काळातच पंडिता रमाबाईंची छायाचित्रे पाहावी: आखूड केस, शांत चेहरा, आणि लोक काय म्हणतील याची मुळीच फिकीर नसलेली नजर. पण रमाबाईंच्या त्या केसांकडे पाहूनही कोणाला कादंबरीची नायिका सुचली नाही. शेजारच्या आजींचा प्रश्न त्या केशवपनापासूनच चालत आलेला आहे. बाईचे केस गेले म्हणजे घरातले माणूस गेले; आजींनी जे पाहिले होते तेच त्या बोलल्या.

दुसरे उदाहरण सांगावयास वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला धीर करावा लागतो, कारण ते बापूंचे आहे. येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी टॉल्स्टॉय फार्मवरची एक हकीकत दिली आहे. काही मुलांनी दोन मुलींची थट्टा केली. बापूंना रात्रभर झोप आली नाही. मुलांना तर त्यांनी समजावलेच. पण पाहणाऱ्याच्या मनात पापबुद्धीच येऊ नये अशी काही खूण मुलींच्या अंगावर असावी असे त्यांच्या मनाने घेतले, आणि सकाळी त्यांनी मुलींचे लांब केस कापण्याची गोष्ट काढली. मुली आधी तयार नव्हत्या. अखेर झाल्या, आणि बापूंनी आपल्या हाताने कात्री चालविली. पुढे परिणाम चांगलाच झाला असे ते लिहितात. मी हे प्रकरण प्रथम वाचले ते अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, आणि तेव्हा मला ते फार उदात्त वाटले होते. आता वाटत नाही. थट्टा मुलांनी केली आणि केस मुलींचे गेले, ही गोष्ट मला वर्गात कोणी सांगितली तर मी त्या मुलांना बाकावर उभे करीन. बापूंबद्दलचा आदर यामुळे उणा होतो असे नाही. सेवाग्रामला त्यांच्या कुटीपुढे उभी राहिले म्हणजे माझे डोके आजही आपोआप वाकते. पण ते वाकलेले डोके माझे आहे, आणि त्यावरचे केसही माझे आहेत.

केसांच्या बाबतीत बापूंची दुसरी एक गोष्ट मात्र मला अतिशय प्रिय आहे. प्रिटोरियातल्या गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी कातरयंत्र विकत आणून आरशासमोर बसून स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे पार बिघडले, आणि कोर्टातल्या मित्रांनी उंदरांनी कुरतडले की काय अशी चौकशी केली. त्या न्हाव्याला मात्र ते दोष देत नाहीत. आमचे न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कुठे कापतात, असा उलटा सवाल ते आपल्याच लोकांना करतात. केस कापणे ही नुसती शोभेची बाब नाही, हे त्या एका परिच्छेदाइतके स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेले नाही. आणि मानेवरचे केस आपल्या हाताने कापू नयेत हा व्यवहारी धडाही त्यात आहेच.

आपल्याकडे केस कापण्याची ही अशी परंपरा. वैधव्यासाठी, व्रतासाठी, किंवा माझ्यासारखीने लिहिलेल्या बिघडलेल्या बाईची ओळख म्हणून. मानेला ऊन लागते, पाठीवर ओले केस घेऊन सकाळी कामाला पळावे लागते, आपल्या बटा आखूड केल्यावर छान उसळतात, असल्या साध्या कारणासाठी केस कापणारी बाई मी तरी मराठी कादंबरीत शोधून दमले.

बॉब हा शब्द आला इंग्रजीतून, आणि तिकडे शेपूट छाटलेल्या घोड्यालाही तो लावीत; तेव्हा नावातच थोडी कुचेष्टा होती. १९१५ च्या सुमारास आयरीन कॅसल या नर्तकीने केस आखूड केले आणि तिच्या मागे पुष्कळ जणी गेल्या. कुरळ्या केसांच्या दृष्टीने या इतिहासातली मौजेची गोष्ट एका कथेत आहे. १९२० साली एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने बर्निस नावाच्या मुलीची गोष्ट लिहिली. चारचौघांत छाप पडावी म्हणून ही मुलगी केस कापणार असल्याच्या बढाया मारते, आणि मग चुलत बहीण तिला असे कोंडीत पकडते की खरोखरीच न्हाव्याच्या खुर्चीत बसावे लागते. केस कापून होतात आणि ती कुरूप दिसू लागते. का? तर तिचे केस कुरळे नव्हते म्हणून! ते दोन्ही गालांवर निर्जीव लोंबू लागतात, असे लेखकाने मुद्दाम लिहिले आहे. म्हणजे बॉबकटच्या अगदी आरंभीच्या काळात हा कट शोभावयाचा तर केसाला वळण हवे, अशीच समजूत होती. सरळ केसांच्या बायका तापलेल्या चिमट्याने लाटा पाडून घेत.

मग हे उलटे केव्हा झाले? मला वाटते, चित्रपटाने केले. १९२९ च्या 'पँडोराज बॉक्स'मध्ये लुईज ब्रुक्सचे केस काळ्या लाखेच्या टोपीसारखे गुळगुळीत आहेत. पडद्यावर ती रेषा इतकी ठसली की बॉब म्हणजे तीच असे जगाने ठरविले. पुढे १९६० नंतरच्या काळात लंडनच्या विडाल ससूनने भूमितीच्या आकृतीप्रमाणे केस कापावयास सुरुवात केली आणि त्या रेषेला शास्त्राची प्रतिष्ठा आली. आपल्याकडे १९६० च्या 'लव्ह इन शिमला'त साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीची झालर पुढे आली, आणि देशभर 'साधना कट'चे पीक आले. त्या पिकात कुरळ्या केसांच्या मुलींची जी दैना झाली असेल तिची मी कल्पना करू शकते. झालर ओली असताना भुवईवर असते आणि वाळली की कपाळाच्या मध्यावर गोळा होऊन बसते.

आजची सौंदर्यसदरे वाचून पाहावीत. गोल चेहऱ्याला असा बॉब, लांबट चेहऱ्याला तसा; प्रत्येक चित्रातल्या मुलीचे केस पावसाच्या धारेसारखे सरळ, आणि शेवटी एक ओळ: केस कुरळे असल्यास आधी स्मूदनिंग करून घ्यावे! ही टीकेची जुनीच खोड झाली. साहित्यकृती आपल्या मापात बसत नसेल तर माप तपासावयाचे सोडून कृतीलाच इस्त्री करावयाची. त्या इस्त्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांतून फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो आणि डोळे-घसा चुरचुरतो, ही गोष्ट त्या सदरांत क्वचितच असते. उलट दिशेची अतिशयोक्तीही आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेच्या आंद्रे वॉकर या केशभूषाकाराने केसांचे चार प्रकार आणि त्यांचे पोटप्रकार पाडले. आता मुली स्वतःची ओळख त्या आकड्याने करून देतात. माझ्या भाचीच्या एका डोक्यावर मला त्यातले तीन प्रकार दिसले. मानेवर घट्ट वेटोळी, कानामागे सैल, आणि माथ्यावर नुसती लाट. वर्गीकरण वाईट नव्हे, पण वर्गीकरण म्हणजे रसग्रहण नव्हे. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या लोरेन मॅसीबाईंनी 'कर्ली गर्ल' या पुस्तकात जे सांगितले ते मला अधिक पटते: कुरळे केस कोरडे असताना, एकेक बट पाहून कापावेत.

हे का, ते समजून घेण्यासारखे आहे. केस ज्या बारीक पिशवीतून उगवतो ती वाकडी असेल तर केस वळतच बाहेर येतो. त्याचा आडवा छेदही गोल नसून चपटा असतो. ओला झाला की त्यातले काही बंध पाण्याने सैल होतात आणि केस लांब होतो. वाळला की बंध पुन्हा जुळतात आणि तो आपल्या वेटोळ्यात परत जातो. त्यामुळे ओल्या केसावर घेतलेले माप म्हणजे ताणलेल्या रबरावर घेतलेले माप. आपला केस किती आक्रसतो हे पाहावयाचे तर कोरडी बट टोकाशी धरून ओढावी, कुठवर पोचते ते पाहावे, आणि सोडून द्यावी. हनुवटीशी ओढलेली बट जर कानाशी जाऊन बसत असेल, तर हनुवटीचा बॉब हवा असणाऱ्या बाईने त्या अंतराइतके केस राखून कापावेत.

आणि ती घंटा? तीही गणिताची चूक आहे. सरळ केस एका लांबीचे कापले तर एकमेकांवर पडून राहतात. कुरळे केस एका लांबीचे कापले तर प्रत्येक बट खालच्या बटेला बाहेर ढकलते. टोकाशी गर्दी, माथ्यावर दुष्काळ. म्हणून आतून थर द्यावे लागतात, म्हणजे वरच्या बटा खालच्यांपेक्षा थोड्या आखूड, की त्या एकमेकींच्या खोबणीत बसतील. थर फार आखूड झाले तर उलट माथ्यावर टोपले होते. दाट केस पातळ करण्यासाठी दातेरी कात्री फिरविण्याची जी पद्धत आहे, ती कुरळ्या डोक्यावर मुळीच चालू देऊ नये. आत कापलेले आखूड केस स्प्रिंगेसारखे उभे राहतात आणि बाहेरच्या बटा फोडतात. पिंजलेल्या कापसासारखे डोके दिसू लागते. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. पिंजलेला कापूस गादीत शोभतो हे आम्हाला सांगावयास नको.

भाचीच्या त्या घंटेचे काय झाले, ते सांगते. तेव्हा कापण्यासारखे काही उरलेच नव्हते. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटीमीटर वाढतात; आम्ही चार-साडेचार महिने वाट पाहिली. होळीला ती पुन्हा आली तेव्हा मी तिला वर्ध्याला एका बाईंकडे घेऊन गेले. लहानसे दुकान, दोन खुर्च्या, आणि चित्रांचे मासिक नाही. भाची सवयीने बेसिनकडे वळली, तेव्हा बाई म्हणाल्या, "वल्ले केस कापाले सांगू नका, ताई. बसा अशाच. मले पाहू द्या, कोनती बट कुठी बसते ते." आणि त्या खरोखरीच पाहात बसल्या. समोरून, मागून, मान वाकवून, मान वर करून. दहा मिनिटे कात्रीला हात नाही. मी आयुष्यात पुष्कळ समीक्षक पाहिले आहेत, पण समोरच्या वस्तूकडे इतका वेळ मुकाट्याने पाहणारे थोडे.

मग त्यांनी जे केले त्यातून मी शिकले ते असे. भाचीचा चेहरा गोल. तिला हनुवटीच्या दोन बोटे खाली लांबी ठेवली, भांग मधोमध न पाडता बाजूला घेतला, आणि फुगवटा गालांवर न येऊ देता वर माथ्याकडे ठेवला. चेहरा लांबट असता तर हेच उलटे, लांबी हनुवटीपाशी आणि भरणा गालांशी, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. मान आखूड असेल तर मागची बाजू थोडी वर घ्यावी आणि पुढे लांब ठेवावी. कपाळावर केस हवेच असतील तर ते नाकाच्या शेंड्याइतके लांब ठेवून बाजूला वळू द्यावेत. पुढे आणखी कापता येतात, जोडता येत नाहीत. विरळ केसांना थर अगदी थोडे. आणि मानेवरची घट्ट वेटोळी वरच्या सैल बटांइतकीच लांब दिसावीत म्हणून ती मुद्दाम थोडी लांब ठेवली, हे तर मला कधीच सुचले नसते. केस धुतले ते सर्वांत शेवटी.

तिथून निघून आम्ही गोपुरीला विश्वशांती स्तूपावर गेलो, कारण बसला अवकाश होता. स्तूपाच्या चारी बाजूंना बुद्धाच्या मूर्ती आहेत. भाची एकीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, यांचे केस बघ." मी कितीदा तिथे गेले असेन, पण त्या डोक्याकडे या नजरेने कधी पाहिले नव्हते. जातककथांच्या निदानकथेत म्हटले आहे, की सिद्धार्थाने तलवारीने आपले केस कापले तेव्हा जे दोन अंगुळे उरले ते उजवीकडे वळून डोक्याला चिकटून बसले आणि पुढे आयुष्यभर तेवढेच राहिले. आखूड कुरळ्या केसांची याहून पूज्य प्रतिमा कुठे असेल? आणि दर दोन महिन्यांनी टोके कापून घेण्याचा खर्चही नाही.

आता रोजची निगा. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत, ही गोष्ट माझ्या आईला कोणी सांगितली असती तर माझे बालपण निराळे झाले असते. तेल न्हाण्याच्या आधी, बेताने. न्हाताना फेसाचा सोस नको. आणि केस ओले, बुळबुळीत असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर जात गुंता सोडवावा. टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या धुवट सुती लुगड्याच्या तुकड्याने किंवा पंचाने केस खालून मुठीत घेऊन दाबावेत. त्यावर बट बसून राहण्यासाठी बाजारात नाना तऱ्हेच्या बाटल्या मिळतात, पण आमच्या विदर्भात ज्या जवसाची चटणी आपण भाकरीशी खातो, त्याच जवसाने हे काम उत्तम होते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळावे. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे तारेचे झाले की लगेच, गरम असतानाच, पातळ फडक्यातून गाळावे. गार झाल्यावर ते फडक्यातून उतरतच नाही, हा अनुभव मी माझ्या एका चांगल्या पातेल्याच्या बदल्यात घेतला आहे. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. ओल्या केसांना लावावे, बटा मुठीने वर दाबाव्यात, आणि मग हात लावू नये. पूर्ण वाळेपर्यंत हात न लावणे हाच यातला कठीण भाग. वाळल्यावर केस कडक लागतात. तेव्हा पुन्हा मुठीने हलके चुरावेत, म्हणजे कडकपणा जातो आणि वळण राहते. मे महिन्यातल्या आमच्या कोरड्या उन्हात थोडे पाणी शिंपडावे लागते; आषाढात हवेतला ओलावा पिऊन केस फुगतात, तेव्हा जवस जरा अधिक. फुगतातच, त्याला इलाज नाही. फुगू द्यावेत.

या सगळ्याचा पडद्यावरचा पुरावा हवा असेल तर मिथिला पालकरचा आहे. २०१६ साली तिने जयवंत कुलकर्णींचे 'ही चाल तुरु तुरु' हे जुने गाणे पेल्याच्या ठेक्यावर म्हटले आणि ते घरोघर गेले. त्या गाण्यातली मुलगी भुरभुर उडणाऱ्या केसांची आहे. म्हणणाऱ्या मुलीचे केस मात्र उडत नाहीत, उसळतात. पुढे २०१७ च्या 'मुरांबा'तही तिचे केस तसेच कुरळे होते, आणि त्या केसांवरून ती चांगली की वाईट हे ठरविण्याची कोणाला गरज पडली नाही. मी लिहिलेल्या बाईपेक्षा ही मुलगी किती पुढे गेली, हे पाहून मला थोडे वाईटही वाटले.

कारण त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत आहे, आणि तिची मुद्रिते माझ्या टेबलावर पडली आहेत. विहीर काढून टाकावी असे प्रथम मनात आले. पण कथानकच त्या विहिरीवर उभे आहे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या चुकीवर आज माती लोटणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. मी फक्त ते अर्धे वाक्य खोडले आणि तिथे एक पान घातले. रविवारची सकाळ आहे, ती बाई न्हाऊन ओट्यावर केस वाळवीत बसली आहे, आणि बटा एकेक करून वर चढत असलेल्या ती आरशाशिवाय बोटांनी ओळखते आहे. एवढेच. प्रकाशकांनी हे पान कशासाठी, अशी विचारणा केली आहे. त्यांना अजून उत्तर पाठविलेले नाही.

भाची परवा येणार आहे, आणि सातवीतल्या एका पोरीच्या आईने मला शाळेच्या दारात थांबवून हळूच विचारले आहे, की बाई, तुम्ही ते जवसाचे काय करता? पोरीच्या दोन वेण्यांचे काय करावयाचे, ते मुख्याध्यापकांशी बोलून मी पाहीन. तूर्त पातेले गॅसवर आहे आणि ते उतू जाण्याच्या बेतात आहे.